डेलच्या कुरणातली बोंब

अमेरिकेतल्या मराठी माणसाला "मी जमिनीचं काम करते" असं सांगितलं की तो लगेच आवाज खाली आणून विचारतो, "मग सध्या कुठे घ्यावी म्हणता?" माझी सगळी नोकरी मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये झाली आणि त्या काळात महाराष्ट्र मंडळाच्या एकाही कार्यक्रमात हा प्रश्न चुकला नाही. गणपतीची आरती झाली की हातात प्रसादाची वाटी घेऊन लोक मला कोपऱ्यात गाठायचे. चांगल्या शाळेजवळ, बेसमेंट असलेलं, पूर्वेला दार असलेलं काही नजरेत असेल तर सांगा. मी सांगायचे की अहो, मी घरं विकत नाही, घरं होऊ नयेत म्हणून पगार घेते. यावर समोरचा मनापासून हसायचा आणि दोन घास खाऊन म्हणायचा, "पण ओळखी असतीलच ना तुमच्या?"

ओळखी होत्या, नाही कशा? पण त्या बहुतेक म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी, बेडकांशी आणि क्रेन पक्ष्यांशी.

निवृत्त झाल्यावर आता निवांतपणे सांगते. आमची संस्था छोटी होती. मी तिथे शिकता शिकता आले आणि बाहेर पडले ती प्रमुख म्हणून. मधला जिना कसा चढले ते ऐकण्यात तुम्हाला काही गंमत वाटणार नाही. काम मात्र गमतीचं. गावाबाहेरच्या शेतकऱ्याकडे जायचं, त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बेचव कॉफी प्यायची आणि त्याला पटवायचं की जमीन तुझीच राहू दे. कसत राहा, मुलांना दे, उद्या विकलीस तरी चालेल. फक्त तिच्यावर कधीही वसाहत उभी राहणार नाही, असं कायमचं लिहून दे. त्याला त्याबद्दल करात थोडी सवलत मिळते. आम्ही दर वर्षी जाऊन शब्द पाळला जातोय ना, एवढं बघायचं. एकेका शेतकऱ्याला "हो" म्हणायला इतकी वर्षं लागत की मधल्या काळात त्याच्या नातवंडांची लग्नं व्हायची आणि आम्हाला आमंत्रणं यायची.

सगळेच हो म्हणत नसत. एक ओकवृक्षांचं देखणं रान आमच्या हातून गेलं. त्या बाई मला फार आवडायच्या, त्यांच्या मुलांनी मात्र आई वारल्याबरोबर जमीन विकून टाकली. तिथे आता एकसारखी घरं आहेत आणि वेशीवरच्या दगडावर ओकच्या झाडाचं चित्र कोरलंय. जे तोडलं त्याचंच नाव वसाहतीला द्यायचं, ही इथली रीत आहे. त्या रस्त्यावरून मी अजूनही जात नाही, वळसा पडला तरी चालेल.

दुसरं काम म्हणजे आमच्या स्वतःच्या राखीव जमिनी सांभाळणं, आणि त्यातलं मुख्य हत्यार म्हणजे आग. हे ऐकून लोक दचकतात. माझे वडीलही दचकले होते. ते मेळघाटात वनखात्यात होते आणि त्यांचा सगळा जन्म वणवे विझवण्यात गेला. एकदा ते इकडे आले असताना मी त्यांना कामावर घेऊन गेले. पिवळे अग्निरोधक कपडे, डोक्यावर हेल्मेट आणि हातातल्या डब्यातून थेंब थेंब जळतं तेल सांडत मी गवत पेटवत चाललेय, हे त्यांनी रस्त्यावरून बघितलं. संध्याकाळी आईला फोनवर म्हणाले, "तुझी लेक इथे वणवे लावते आणि वर त्याचा पगार घेते." पण आवाजात कौतुक होतं, ते मला बरोबर ऐकू आलं.

खरं म्हणजे इथलं मूळचं गवत आगीवरच जगतं. इथले मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या ते जाळत आले. वरचं वाळकं जळून जातं, मुळं खोल जमिनीत सुखरूप राहतात आणि उन्हाळ्यात पुरुषभर गवत फुलांसकट वर येतं. आग थांबली की बकथॉर्न नावाचं काटेरी झुडूप घुसतं आणि बघता बघता कुरणाची अडगळ होते. म्हणून थंडी सरता सरता, साप-बेडूक जमिनीखाली असतानाच, आम्ही थोडा थोडा भाग जाळतो. वारा बघायचा, अग्निशमन दलाची परवानगी काढायची, शेजाऱ्यांना फोन करायचे. वारा ज्या दिशेला वाहतो त्या कडेला आधी आग लावायची. ती वाऱ्याच्या उलट रांगत रांगत येते आणि मागे जळलेला काळा पट्टा सोडते. पट्टा रुंद झाला की मग समोरून मोठी आग सोडायची, तीही टप्प्याटप्प्याने. ती धावत येते आणि काळ्या पट्ट्याशी येऊन मरते, कारण पुढे खायला काही उरलेलं नसतं.

या सगळ्यावर एक नियम. कुणीही, अगदी त्याच दिवशी पहिल्यांदा आलेल्या माणसानेही, ओरड केली की काम जागच्या जागी थांबवायचं. आधी आग अडवायची, कारण नंतर विचारायचं.

आता डेल. डेल हा आमच्या राखीव कुरणाला लागून शेती असलेला म्हातारा. बायको गेलेली, मुलगा दूर पश्चिमेला. त्याच्या शेताच्या खालच्या अंगाला एक तळं आणि तळ्याभोवती जुनं कुरण होतं. तिथे दर वसंतात सँडहिल क्रेनची जोडी घरटं करायची. क्रेन म्हणजे आपल्या सारसाच्या घराण्यातला पक्षी, कपाळावर लाल टिळा आणि चालण्यात जमीनदाराचा थाट. ते कुरण बकथॉर्नने निम्मं गिळलं होतं आणि उरलेल्यावर एका बिल्डरचा डोळा होता. त्याने डेलला उन्हाळ्यापर्यंत विचार करायला सांगितलं होतं. ते कुरण गेलं असतं तर आमच्या दोन राखीव जमिनींच्या मधोमध वसाहत आली असती आणि क्रेनच्या जोडीला दुसरं तळं शोधावं लागलं असतं. मला ते कुरण हवं होतं. नोकरीतल्या कुठल्याच जमिनीसाठी माझा जीव इतका अडकला नव्हता.

डेलची अडचण आग ही होती. तो लहान असताना त्याच्या वडिलांनी बांधावरचा कचरा पेटवला आणि त्यात त्यांचं गुरांचं कोठार गुरांसकट जळालं. त्यामुळे मी नकाशे दाखवले, वाऱ्याचं गणित समजावलं, की तो सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच विचारायचा, "आणि मध्येच थांबवायची वेळ आली तर थांबते का?" मी म्हणायचे, थांबते. तो कॉफी ढवळत म्हणायचा, "असं माझे वडीलही म्हणायचे."

शेवटी मी त्याला म्हटलं की एकदा आमच्या कुरणातली आग येऊन डोळ्यांनी बघ. बरीच वर्षं टाळून, बिल्डरची मुदत संपत आली त्या वसंतात तो हो म्हणाला.

आता त्या दिवसाकडे जाण्याआधी मिलिंदची ओळख करून द्यायला हवी. मिलिंद पुण्याचा, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधला. आमच्या कुरणाच्या दुसऱ्या कडेला त्याने मोठं घर घेतलं आणि पहिल्याच महिन्यात मला फोन केला. "काकू, आमच्या बॅकयार्डच्या मागे ते गवत आहे ना, ते कोणी मेंटेनच करत नाही हो. मी स्वतः ते कापून, मो करून घेऊ का? व्हॅल्यू डाउन होते यार घराची." मी त्याला म्हटलं, शनिवारी बूट घालून ये, दाखवते. तो आला तो नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांत. मी त्याला चिखलातून फिरवलं, क्रेनची पिल्लं दाखवली, आणि एक कासव त्याच्या हातात दिलं. पिवळ्या हनुवटीचं ते कासव त्याच्याकडे टक लावून बघत राहिलं आणि माणूस गेला कामातून. पुढच्या शनिवारी तो स्वतःची करवत घेऊन बकथॉर्न कापायला हजर. मग मंडळातल्या मित्रांना घेऊन यायला लागला. त्या हिवाळ्यात पाच-सहा जणांनी आगीच्या कामाचं रीतसर प्रशिक्षणही घेतलं.

इथली होळी कशी असते, तेही सांगायला हवं. परदेशात आपले सण तिथीला येत नाहीत, शनिवारी येतात. फाल्गुनात मिशिगनमध्ये बर्फ, शिवाय शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला आणि तिथे काडी ओढायलाही बंदी. त्यामुळे मंडळाची होळी म्हणजे खाली टेबलफॅन, वर लाल-पिवळ्या क्रेप कागदाच्या झिरमिळ्या आणि मध्ये बल्ब. त्याला आम्ही प्रदक्षिणा घालायचो, नारळ दाखवायचो आणि परत पिशवीत ठेवायचो. मुलांनी बोंब मारली तर हॉलचा रखवालदार धावत यायचा, म्हणून तीही हळूच. मिलिंदने अमेरिकेत आल्यापासून दर वर्षी हीच होळी बघितली होती.

तर तो शनिवार. ऊन चांगलं, वारा नैर्ऋत्येचा आणि समजूतदार. मी प्रमुख. रूथ, म्हणजे माझी सगळ्यात जुनी सहकारी, पलीकडच्या कडेला पाण्याच्या ट्रकवर. मिलिंद आणि मंडळी माझ्या बाजूला, पाठीवर पाण्याच्या पिशव्या घेऊन. डेल रस्त्यावर, पिकअपला टेकून, हाताची घडी घालून. काळा पट्टा छान रुंद झाला. मग मी मोठ्या आगीचा पहिला टप्पा सोडला. वाळलेलं उंच गवत एका दमात पेटलं, ज्वाळा झाडाएवढ्या वर गेल्या आणि कडकड आवाज झाला. तो क्षण नेहमीच अंगावर काटा आणतो.

आणि माझ्या पाठीमागून बोंब उठली. साधी नव्हे, तोंडावर उलटा हात मारत मारलेली, वर्षानुवर्षं शाळेच्या हॉलमध्ये दाबून ठेवलेली अस्सल बोंब. मिलिंदने सुरू केली आणि बाकीच्यांना राहवलं नाही.

मी विदर्भातली. काय झालंय ते मला अर्ध्या क्षणात कळलं. पण धुराच्या पलीकडे रूथला मी दिसत नव्हते. तिला एवढंच ऐकू आलं की पाच-सहा माणसं जिवाच्या आकांताने किंचाळतायत. रेडिओवर तिचा आवाज आला, "थांबवा, सगळं थांबवा," आणि नियम तो नियम. होळी आहे गं, असं रेडिओवर सांगायला तोंड उघडेपर्यंत तेल ठिबकवणाऱ्यांनी डबे बंद केले होते. ट्रकमधून पाण्याचे फवारे सुटले. दोन्ही कडांनी माणसं धावली आणि ओल्या फडक्यांनी ज्वाळा झोडपू लागली. जेवढं पेटलं होतं तेवढं काळ्या पट्ट्याशी आपटून विझलं. बघता बघता कुरणावर नुसता धूर राहिला. मिलिंद हात तोंडाशी धरून तसाच उभा होता, कारण आता आपणच अडचणीत आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

मी रस्त्याकडे चालायला लागले. डेलचं कुरण हातचं गेलं, हे मी मनात धरूनच चालले होते. इतक्या वर्षांनी म्हातारा आला आणि त्याच दिवशी आमची ही सर्कस. वाटेत मिलिंदही मागोमाग आला, मान खाली घालून.

डेलचा चेहरा पांढरा पडला होता. कुणाला लागलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणालाही नाही. मग मी त्याला जमेल तशी होळी समजावली. आमच्याकडे वसंताच्या तोंडावर गावोगाव शेकोटी पेटवतात, तिच्याभोवती फिरतात आणि अशी ओरड करतात. या पोरांनी बऱ्याच वर्षांनी खरी आग बघितली.

"म्हणजे काही झालेलंच नव्हतं," डेल म्हणाला.

"नाही."

"आणि तरी तुम्ही ती थांबवलीत."

तो त्या धुराकडे बघत होता. "आमच्याकडे त्या दिवशी ओरडणारे खूप होते," तो म्हणाला. "थांबवता कुणालाच आली नाही."

मग त्याने मिलिंदला जवळ बोलावलं. मिलिंद माफी मागायला लागला तर डेलने त्याला थांबवलं आणि ते हाताचं कसं करायचं ते दाखव म्हणाला. मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दाखव बाबा, आता काय राहिलंय. आणि त्या मिशिगनच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने टोपी काढून पिकअपवर ठेवली, उलटा हात तोंडाशी नेला आणि पहिली बोंब मारली. ती चिरकी निघाली. दुसरी चांगली निघाली. तिसरीला त्याच्या तळ्यावरची क्रेनची जोडी उठली आणि आमच्या डोक्यावरून आपल्या घोगऱ्या तुतारीत आरडत गेली. डेल हसायला लागला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होते. मग मला हसू आवरेना, आणि रूथ लाल चेहऱ्याने जाब विचारायला पोचली तेव्हा आम्ही तिघंही डोळे पुसत होतो.

त्याने त्या उन्हाळ्यात बिल्डरला नाही म्हटलं आणि पुढच्या वसंतात आम्ही त्याचं कुरण जाळलं. जुलैत त्याचा फोन आला. कुणीतरी माझ्या कुरणात बी पेरून गेलंय, तो म्हणाला, तुमच्यापैकी कुणी असेल तर सांगा. मी गेले. तळ्यापर्यंत केशरी, जांभळ्या, पिवळ्या फुलांचा नुसता बाजार भरला होता. मी म्हटलं, कुणी पेरलं नाही डेल, हे तुझ्याच मातीत होतं, उजेडाची वाट बघत. तेव्हापासून त्याच्या टोपीत कायम एक फूल असायचं. माझ्या सगळ्या नोकरीतला तो सगळ्यात सुंदर दिवस, आणि मी हे संस्थेच्या वार्षिक सभेतही बेधडक सांगितलेलं आहे.

पण ते कायमचं लिहून देणं अजून बाकीच होतं. एकदा कागद टेबलावर असताना त्याने दुसरा प्रश्न काढला. "कायमचं म्हणतेस," तो म्हणाला. "मी तर जाईनच. तू किती वर्षं येणार? तू नसशील तेव्हा कोण येईल?"

या प्रश्नाची आमच्याकडे तयार उत्तरं असतात. निधी आहे, कायदा आहे, विश्वस्त आहेत. डेलला ती सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी माणसं गोळा करतेय. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. खाली मिलिंद आणि त्याचे मित्र बकथॉर्न उपटत होते, आणि आपसांत तावातावाने भांडत होते, बहुधा क्रिकेटवरून. मग डेलने पेन मागितलं.

आता मी वर्षातला बराच काळ टेक्सासमध्ये, प्लेनोला मुलीकडे असते. इथे हायवे आहेत, मोठी घरं आहेत आणि हिरवळ अशी की तिच्यावर पाय ठेवायला भीती वाटावी. मी नातीला गवताच्या बिया ओळखायला शिकवते. ती ऐकून घेते आणि इंग्रजीत उत्तर देते. गेल्या वसंतात आम्ही दोघी किराणा घेऊन पार्किंगमध्ये आलो होतो, तेवढ्यात मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. आता आगीच्या कामाचा प्रमुख तोच आहे. त्याच्या मागे डेलचं कुरण काळंभोर आणि वाफाळत पसरलेलं होतं आणि पिवळ्या कपड्यांतली बरीच मंडळी उभी होती. त्यातले अर्धे चेहरे मी कधी बघितलेले नव्हते, विद्यापीठातली मुलं असावीत. रूथने त्या दिवसानंतर सुरक्षेच्या सूचनांत एक कलम घातलंय, की शेवटची ठिणगी विझेपर्यंत बोंब मारू नये. विझल्यावर मात्र सगळ्यांनी मारायची असते. मिलिंद सांगत होता की नवीन मुलं सरळ तळव्याने मारतात आणि डेल खुर्चीत बसल्या बसल्या प्रत्येकाला दुरुस्त करतो.

"काकू, एक मिनिट होल्ड करा, त्यांना बोलायचंय," मिलिंद म्हणाला आणि फोन डेलच्या हातात दिला. मला टोपीचा काठ आणि एक कान दिसला. मग त्याने फोन नीट धरला. आता तो फार थकलाय.

"तू नाहीस इथे," डेल म्हणाला.

"नाही ना."

"तरी सगळे आले."

त्याने फोन कुरणाकडे वळवला, मिलिंदने हात वर केला आणि ती सगळी मुलं, काळी, गोरी, मराठी, कोण कुठली, एका सुरात बोंबलली. मध्येच एक चिरका म्हातारा आवाज ओळखीचा होता. माझ्या शेजारी नात दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं वळून बघत होती, आणि पुढे काय होणार ते बहुधा तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं.

"आजी, प्लीज, नो," ती म्हणाली. "एव्हरीबडी इज लुकिंग."

मी कोथिंबिरीची पिशवी तिच्या हातात दिली आणि उलटा हात तोंडाशी नेला.